‘ताठ बस’ म्हटल्याने पोक जात नाही

मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की माना मोबाइलवर झुकतात. पुढे दिवसभर संगणकासमोर तेच. घरात मुलाला ‘पोक काढू नकोस’ म्हणावं, तर ते दोन मिनिटं ताठ बसतं आणि पुन्हा वाकतं. दोष मुलाचा नाही. ताठ धरून ठेवणारे स्नायूच दमतात.

छातीच्या मागच्या बारा मणक्यांना मुळातच थोडा बाक असतो, एक्स-रेवर मोजला तर साधारण २० ते ४० अंश. सतत वाकून बसलं की छातीचे स्नायू आखडतात आणि खांद्याची पाती मागे धरणारे स्नायू दुबळे होतात. त्यामुळे पुढचे सैल करायचे आणि मागचे बळकट करायचे, असं दुहेरी काम आहे. दाराच्या चौकटीवर दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे टाका, छाती ताणली जाते. मग पालथं झोपून, हातांवर भार न देता छाती जमिनीपासून किंचित उचला आणि पाती एकमेकींकडे ओढा. हा दुसरा भाग लोक टाळतात, कारण तो कष्टाचा आहे; पण माझ्या मते खरं औषध तोच. हनुवटी सरळ मागे घेणं तर लोकलमध्ये उभ्यानेही जमतं.

फळ हळूहळू मिळतं. कॅलिफोर्नियात साठी ओलांडलेल्या ९९ जणांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने, आठवड्यातून तीनदा व्यायाम केल्यावर बाक व्यायाम न केलेल्या गटाच्या तुलनेत सरासरी ३ अंशांनी घटला. वयाबरोबर वाढत जाणारा बाक मागे फिरतो, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मात्र व्यायामाची दिशा चुकली तर इजा होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया होत्या. पाठ मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के जणींचे मणके नव्याने पिचले, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींचे. अभ्यास लहान होता, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आपल्याकडे मात्र सकाळच्या योगवर्गात पुढे वाकण्याचं पश्चिमोत्तानासन सगळ्यांना सरसकट करायला लावतात.

आईची किंवा आजीची उंची घटलेली दिसत असेल, पाठीचा बाक वाढला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून तिच्या हाडांची घनता तपासून घ्या. तोवर तिला पुढे वाकायला लावू नका.