उंबरखिंड ते इर्शाळवाडी : नावांत उरलेला इतिहास

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचा जुना इतिहास शोधणाऱ्याची पहिली फसगत जिल्ह्याच्या नावाने होते. 'रायगड' हे जिल्ह्याचे नाव १९८१ सालचे. त्याआधी तो कुलाबा. म्हणून कोणी कुलाब्याचे जुने गॅझेटियर उघडले, तर कर्जत त्यात सापडत नाही. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि त्याची माहिती १८८२ च्या ठाणे खंडात आहे. कचेरीची नावे अशी बदलत गेली. खिंडी, घाट, वाड्या यांची नावे मात्र माणसांच्या तोंडी राहिली. म्हणून या भागात पडक्या दगडांइतकाच नावाचाही पुरावा विचारात घ्यावा लागतो.

ओळखायला सोपी नावे झाडांची. पळसदरी, चिंचवली, आंबिवली यांचा अर्थ सांगावा लागत नाही. 'वली' हा शेवट 'पल्ली', म्हणजे वस्ती, या जुन्या शब्दाचे झिजलेले रूप मानला जातो. खालापूर तालुक्यातली उंबरखिंडही याच जातीची. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे कारतलबखानाची फौज कोंडली. पण खिंडीला नाव लढाईचे नाही, उंबराचे आहे. इतकी मोठी घटना घडूनही वाटसरूंची खूणच टिकली.

घाटांची नावे त्याहून जास्त बोलतात. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत. एकीवर गणपतीचे देऊळ, म्हणून ती गणेश घाट. दुसरीवर कातळाला शिड्या, म्हणून ती शिडी घाट. शिडीवरून लादलेला बैल चढत नाही. म्हणजे ती वाट पायी माणसाची, मालाच्या तांड्याची नव्हे, हे नावच सांगून टाकते.

अवशेष आणि नाव एकमेकांची साक्ष देतात ते कोथळीगडावर. सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना आणि कोरीव खांबांची गुहा पाहायला लोक जातात, आणि पायथ्याचे गाव ओलांडून पुढे निघतात. त्या गावाचे नाव पेठ. पेठ म्हणजे बाजार. एवढ्या उंचीवर, शेतीला जेमतेम जागा असलेल्या माचीवर हे नाव का, याचे उत्तर वरच्या किल्ल्यात आहे. शिबंदी असेल तिथे देवघेव आलीच. आज लोक किल्ल्यालाच 'पेठचा किल्ला' म्हणतात. पायथ्याचे नाव माथ्यावर चढले आहे.

कोंढाणे लेण्यांत याच्या उलट आहे. ख्रिस्तपूर्व काळातल्या तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. करणाऱ्याचे नाव दगडावर आले, ठिकाणाचे मात्र त्यात नाही. ते लोकांनी तोंडी जपले.

मग इंग्रज आले. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीला पोचली, ती त्यांच्या कागदांत 'कॅम्पूली' झाली. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. त्या चढावरच्या थांब्यांची नावे पाहा : जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ आणि शेवटी मंकी हिल. माथेरानावर १८५० नंतर लुइझा आणि शार्लट आल्या, पण डोंगर माथेरानच राहिला. ठाकरांची वाडी रेल्वेच्या वेळापत्रकात गेली, हेही कमी नाही.

नाव टिकते ते बोलणारी माणसे असतात म्हणून. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाचलेल्यांचे पुनर्वसन खाली चौकजवळ झाले. वाडीचे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. पण वाडीभोवतीच्या पाणवठ्यांची, खाचरांची, टेपांची, देवाच्या जागांची नावे फक्त तिथे राहणाऱ्या ठाकरांना ठाऊक होती. ती सातबाऱ्यावर नसतात. रोज त्या वाटेने जाणे थांबले, की एका पिढीत ती पुसली जातात. जमिनी विकून फार्महाउस झालेल्या गावांत हेच सावकाश घडते आहे; तिथे दरडही लागत नाही.

अशा नावांच्या नोंदीचा एक चांगला नमुना स्कॉटलंडात आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे नकाशे करणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेने खेड्यापाड्यांतल्या नावांच्या वह्या भरल्या. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी : ते लिहायचे कसे, कोणाच्या सांगण्यावरून, आणि ती जागा म्हणजे नेमके काय, झरा, ओढा की पडके घर. पाडली गेलेली किंवा ओस पडलेली घरे आज अभ्यासक त्या वह्यांवरून ओळखतात.

आपल्याकडे हे काम शाळेच्या वहीत होऊ शकते. वाडीतल्या एखाद्या वयस्क बाईला बरोबर घ्यावे, पाण्याच्या वाटेने चालावे आणि ती म्हणेल तसेच, शुद्ध न करता, लिहावे. व्युत्पत्ती नंतर कोणीही लावील. उच्चार एकदा गेला, की व्युत्पत्ती लावायला काही उरत नाही.