न परतलेलं कॅनबेरा

घरचा माणूस कामावरून यायला तासभर उशीर झाला, तरी आपला जीव खालीवर होतो. मग ज्यांचा माणूस 1971 च्या डिसेंबरात लढाईवर गेला आणि त्याचं पुढे काय झालं हे कधी कळलंच नाही, त्यांनी दिवस कसे काढले असतील?

3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला. त्याच रात्री आपली कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं सरहद्द ओलांडून गेली. ही ब्रिटिश बनावटीची विमानं 1957 पासून हवाई दलात होती. पुण्याच्या लोहगाव तळावरही त्यांचा मुक्काम असे. 2007 मध्ये ती निवृत्त झाली.

या विमानात दोघे असत. वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली आणि वाट दाखवणारा नॅव्हिगेटर पुढे नाकाडात. विमानाबाहेर फेकणारं आसन फक्त वैमानिकाला होतं. नॅव्हिगेटरला मात्र दारापर्यंत सरपटत येऊन पॅराशूटसह उडी घ्यावी लागे. रात्रीच्या अंधारात, जमिनीलगत उडताना, त्याला किती क्षण मिळत असतील?

5 डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट सुधीर गोस्वामी आणि त्यांचे नॅव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट श्रीकांत महाजन यांचं कॅनबेरा पाकिस्तानच्या हद्दीत पाडलं गेलं. दोघेही परतले नाहीत.

1972 च्या अखेरीस युद्धकैदी मायदेशी आले. या दोघांची नावं मात्र बेपत्ता सैनिकांच्या यादीतच राहिली. ही यादी 54 जणांची आहे. आपल्याकडे असे कैदी नाहीत, असं पाकिस्तान सांगत आला. 2007 मध्ये 14 नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, पण कुणाचाच माणूस सापडला नाही.

सात वर्षं माणसाची खबर नसेल, तर तो मरण पावला असं कायदा धरू शकतो. पण घराचं काय? कुंकू लावायचं की नाही? श्राद्ध घालायचं तर कोणत्या तिथीला? आईने ताट मांडायचं कधी थांबवायचं? या प्रश्नांना कायद्यात उत्तर नाही.

उशिरा का होईना, उत्तर मिळण्याचं मोल किती असतं, हे चेन्नईच्या एका घटनेवरून कळतं. ती युद्धातली नव्हे. 22 जुलै 2016 रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. साडेसात वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, किनाऱ्यापासून सुमारे 310 किलोमीटरवर, 3,400 मीटर खोल पाण्यात त्याचे अवशेष दिसले. गेलेली माणसं परत आली नाहीत, पण घरच्यांचं वाट पाहणं संपलं.

गोस्वामी आणि महाजन यांच्या घरांना तेवढंही मिळालं नाही. दर 16 डिसेंबरला आपण विजय दिवस साजरा करतो. त्या दिवशी देवापुढे दिवा लावताना, ज्यांच्या श्राद्धाची तिथीही कुणाला ठाऊक नाही, त्यांची आठवण आपण जरूर ठेवावी.