मेणकागदापासून रिसोग्राफपर्यंत : स्टेन्सिल छपाईचे ज्ञान जपायचे कसे?

रायपूर : छत्तीसगढमधील पत्रकारितेचा आरंभ ज्या मासिकापासून मानला जातो, ते ‘छत्तीसगढ मित्र’ जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून निघू लागले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, तर वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे हे तिघेही मराठी भाषक. मासिकाचे संपादन पेंड्र्यात होत असले, तरी छपाईसाठी आधी रायपूरच्या कय्युमी छापखान्यावर आणि पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यावर अवलंबून राहावे लागे. आर्थिक तोटा सोसवेना, तेव्हा डिसेंबर १९०२ मध्ये हे मासिक बंद पडले. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, असहकार चळवळीच्या काळात, पंडित सुंदरलाल शर्मा यांनी रायपूरच्या कारागृहात हस्तलिखित पत्र काढले. छापखाना म्हटला की खर्च आला आणि हस्तलिखित म्हटले की प्रतींची मर्यादा आली. या दोहोंच्या मधली वाट स्टेन्सिल छपाईने मोकळी केली.

तत्त्व रांगोळीच्या छाप्याचे

स्टेन्सिल छपाईचे तत्त्व प्रत्येक मराठी घराला परिचित आहे. भोके पाडलेल्या छाप्यावर रांगोळी पसरली की भोकांतून ती खाली झिरपते आणि जमिनीवर नक्षी उमटते. या छपाईतही शाई छिद्रांतून कागदावर उतरते. मात्र साध्या छाप्याला एक अडचण असते. ‘ठ’सारखे अक्षर कापले, तर त्याच्या पोटातला भाग आधाराअभावी गळून पडतो. मेणकागदाने ही अडचण बऱ्याच अंशी सोडवली. लांब तंतूंच्या अतिशय पातळ कागदावर मेणासारखा लेप दिलेला असतो. लेखणीने किंवा टंकाने लेप बाजूला सरला, तरी तंतूंची जाळी शाबूत राहते. शाई त्या जाळीतून पार होते आणि अक्षराचा मधला भागही जागेवर टिकतो.

थॉमस एडिसन यांनी १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या, कागदाला छिद्रे पाडणाऱ्या लेखणीचे एकस्व मिळवले. मूळचे हंगेरीचे डेव्हिड गेस्टेटनर यांनी लंडनमध्ये १८८१ साली दातेरी चाकाची लेखणी आणली. ‘सायक्लोस्टाइल’ हे नाव त्या चाकावरून आले. अमेरिकेत ए. बी. डिक यांच्या कंपनीने १८८७ पासून ‘मिमिओग्राफ’ या नावाने असे यंत्र विकण्यास प्रारंभ केला. भारतातील कार्यालयांत मात्र ‘सायक्लोस्टाइल’ आणि ‘गेस्टेटनर’ हीच नावे रुळली.

टंकलेखकाचे कसब

सायक्लोस्टाइलचे काम दिसायला सोपे, पण हाताला सवय लागणारे होते. मेणकागद टंकयंत्रात चढवण्यापूर्वी शाईची फीत बाजूला करावी लागे, म्हणजे टंकाचा आघात थेट लेपावर होई. आघात हलका पडला तर अक्षर फिकट उमटे. तो जोरात पडला तर तंतूही तुटत आणि ‘ठ’ किंवा ‘व’च्या गोलाईच्या जागी काळा ठिपका दिसे. चूक झालीच तर त्या जागी दुरुस्तीचे द्रव लावून ते वाळू द्यावे लागे आणि मगच नवे अक्षर उमटवता येई. शाई तेलकट व सावकाश सुकणारी असल्याने कागद शोषक, काहीसा खरखरीत लागे.

शासकीय कार्यालयांत ‘गेस्टेटनर ऑपरेटर’ असे स्वतंत्र पद असे. परिपत्रके, सभेची इतिवृत्ते आणि प्रश्नपत्रिका यांच्या शेकडो प्रती या हातांनी काढल्या. पुढे छायाप्रती यंत्रे आणि संगणक आले. पद गेले आणि त्याबरोबर कोणत्या कागदावर शाई फुटते, पावसाळ्यात मेणकागद कसा ठेवावा, हे अनुभवाचे ज्ञानही विरत गेले.

बंदीच्या काळातील छापखाना

राज्यकर्त्यांनीही या यंत्राची दखल घेतली होती. १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यात छपाईच्या व्याख्येत सायक्लोस्टाइलचा स्पष्ट समावेश करण्यात आला होता. म्हणजे वृत्तपत्र खोलीत हाताने फिरवलेल्या यंत्रावर काढले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते छापलेलेच ठरे आणि मुद्रक-प्रकाशकाचे नाव देणे बंधनकारक होई. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाल्यानंतर मुंबईत सायक्लोस्टाइल केलेली पत्रके हातोहात फिरली. जून १९७५ मध्ये आणीबाणी व वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लागू झाले, तेव्हाही भूमिगत कार्यकर्त्यांनी याच यंत्राचा आधार घेतला. यंत्र लहान होते, त्याला खिळे जुळवणारा कामगार लागत नसे आणि वेळ पडल्यास ते दुसऱ्या घरी हलवता येई.

मराठी साहित्यानेही या यंत्राचा लाभ घेतला. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढले. अलाहाबादेत १९६५ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा व त्यांच्या साथीदारांनी ‘डॅम यू’ हे इंग्रजी नियतकालिक याच पद्धतीने सुरू केले. प्रस्थापित संपादक किंवा मोठा प्रकाशक यांच्या संमतीची वाट न पाहता नवी कविता वाचकांपर्यंत पोहोचली, त्यामागे या स्वस्त यंत्राचाही वाटा होता.

रिसोग्राफ : जुने तत्त्व, नवे रूप

जपानमधील नोबोरू हायामा यांनी १९४६ मध्ये टोकियोत स्थापन केलेल्या छोट्या मुद्रण व्यवसायातून पुढे ‘रिसो’ कंपनी उभी राहिली. तिच्या रिसोग्राफ यंत्रात टंकाचे काम उष्णता करते. मूळ मजकूर संगणकीय संकेतांत वाचला जातो आणि सूक्ष्म उष्ण बिंदू पातळ पटलावर छिद्रे पाडतात. हे पटल शाईच्या नळकांड्याभोवती आपोआप गुंडाळले जाते आणि कागद वेगाने खालून जातो. खर्चाचा मोठा भाग पटलावर होतो. त्यामुळे १० प्रतींसाठी ही पद्धत महाग, तर ५०० प्रतींसाठी स्वस्त पडते. शाळा व शिकवणी वर्गांच्या प्रश्नपत्रिकांसाठी हे यंत्र उपयोगी पडते, ते यामुळेच.

प्रत्येक रंगासाठी वेगळे नळकांडे लागते आणि एकावर एक रंग छापताना ते किंचित सरकतात. कार्यालयासाठी हा दोष, तर चित्रकारांसाठी आकर्षण. त्यामुळे जगभरात अनेक छोट्या कार्यशाळांनी जुनी रिसोग्राफ यंत्रे विकत घेऊन चित्रपुस्तिका व भित्तिपत्रके छापण्यास सुरुवात केली. मात्र एका प्रकारच्या यंत्राचे नळकांडे सहसा दुसऱ्याला बसत नाही आणि उत्पादन थांबलेल्या यंत्रांचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत. म्हणूनच हे हौशी मुद्रक एक सामाईक भांडार उभे करत आले आहेत. कोणत्या शहरात कोणते यंत्र व कोणते रंग आहेत, बिघाडाच्या कोणत्या सूचनेचा अर्थ काय, कोणता कागद अडकतो, याच्या नोंदी त्यात सर्वांसाठी खुल्या असतात. एकाची चूक दुसऱ्याचा खर्च वाचवते.

आपल्याकडे काय करता येईल?

सायक्लोस्टाइलवर छापलेले कागद स्वस्त लगद्याचे असल्याने लवकर पिवळे पडतात व ठिसूळ होतात. प्रती मुळातच मोजक्या असल्याने शेवटची प्रत गेली की मजकूरही गेला. घरात जुना अंक, पत्रक किंवा मंडळाचे इतिवृत्त असल्यास ते कोरड्या जागी सपाट ठेवावे, त्याला चिकटपट्टी लावू नये, गंजणाऱ्या टाचण्या काढाव्यात आणि संगणकीय प्रत करून घ्यावी. कोणी टंकले, कोणत्या यंत्रावर काढले, किती प्रती निघाल्या, हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावे. जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याचा प्रकार व छायाचित्रे तरी नोंदवावीत.

अशी कागदपत्रे सांभाळणारी सार्वजनिक ठिकाणे आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून कार्यरत आहे. जुन्या नियतकालिकांच्या जतनासाठी भोपाळमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या वृत्तपत्र संग्रहालयाला, मासिक छापण्यासाठी पेंड्र्याहून रायपूर व नागपूर गाठावे लागलेल्या माधवराव सप्रे यांचेच नाव देण्यात आले आहे.