दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेताना

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. पुढे जाताना दोन्ही ट्रॉल्या मुकाट्याने मागे येतात. अडचण होते ती फडातून किंवा अरुंद पाणंदीतून मागे येताना.

असे का होते? ओढताना ट्रॉली आपोआप सरळ होते. ढकलताना मात्र सांध्यात थोडा कोन झाला तरी तो वाढतच जातो. दोन ट्रॉल्या म्हणजे असे दोन सांधे. पुढची चाके वळणारी चारचाकी ट्रॉली असेल, तर तिचा आणखी एक सांधा वाढतो.

एकच दोनचाकी ट्रॉली मागे घेताना ती डावीकडे न्यायची, तर स्टिअरिंग प्रथम उजवीकडे फिरवावे लागते. दुसरी ट्रॉली जोडली की हा हिशेब पुन्हा उलटतो. मागची ट्रॉली वळू लागेपर्यंत पुढचीचा कोन फार झालेला असतो. मग दांडी ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला घासते, पिन वाकते, प्रसंगी भरलेली ट्रॉली कलंडते. म्हणून मागे घेण्याची वेळच येऊ न देणे उत्तम.

शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

१) फडात शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी.

२) वळायला जागा नसेल, तर मागची ट्रॉली रस्त्याकडेला सपाट जागी सोडावी. एकेक ट्रॉली भरून बाहेर आणावी व तेथे जोडावी.

३) ट्रॉली सोडताना आधी चाकांना दगड लावावेत व दांडीखाली भक्कम टेकू द्यावा. भार मागे जास्त असल्यास दांडी एकदम वर उसळते.

४) दोन्ही ट्रॉल्या मागे घेणे भागच असेल, तर आधी त्या एका रेषेत आणाव्यात. लहान गिअर ठेवावा, स्टिअरिंग थोडे थोडेच फिरवावे.

५) कोन वाढू लागताच थांबावे, पुढे जाऊन ट्रॉल्या सरळ कराव्यात व पुन्हा मागे यावे.

६) खुणा करणाऱ्याने चालकाला दिसेल असे बाजूला उभे राहावे, दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कधीही नाही. तो दिसेनासा झाल्यास ट्रॅक्टर लगेच थांबवावा.

उसाने भरलेल्या ट्रॉलीमागचे चालकाला काहीच दिसत नाही. फडावर ऊसतोड मजुरांची लहान मुले खेळत असतात, सावलीला निजलेलीही असतात. म्हणून ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारावी.