आखातातले रस्ते आणि आपला सब्र

रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत दुबई-शारजाला कोणी नाही असे घर शोधावे लागेल. घरभाडे परवडते म्हणून अनेक कुटुंबे शारजात राहतात आणि कमावता माणूस रोज गाडीने दुबई गाठतो. अल इत्तिहाद रोडवरची कोंडी तर त्याच्या पाचवीलाच पुजलेली. पण कोंडीपेक्षा जास्त मनस्ताप देतात त्या इतरांच्या सवयी. मागचा अगदी खेटून येतो आणि दिव्यांची उघडझाप करतो. दुसरा एक्झिट दिसताच चार लेन कापत आडवा घुसतो. इंडिकेटर देणे तर कित्येकांना कमीपणाचे वाटते.

अशा वेळी डोके तापणे साहजिक आहे. पण परक्या मुलुखात तापलेले डोके महागात पडते. चिडून केलेला अश्लील हातवारा किंवा दिलेली शिवी तिथे गुन्हा ठरते. प्रकरण नोकरी आणि व्हिसापर्यंत जाऊ शकते. समोरच्याचा व्हिडिओ काढून पसरवणेही अंगाशी येते.

मग करावे काय? सर्वांत डावी लेन पुढे जाणाऱ्यांसाठी असते. मागून कोणी घाई करत असेल, तर संधी मिळताच उजवीकडे सरकावे. त्याला धडा शिकवण्यासाठी ब्रेक मुळीच दाबू नये. त्याने सुरक्षित अंतर पाळले नाही, तर ४०० दिरहम दंड आणि ४ ब्लॅक पॉइंट त्याला आहेत. न्याय करायला पोलीस आणि कॅमेरे आहेत. वर्षात २४ पॉइंट झाले की लायसन्स निलंबित होते. ज्याची नोकरीच स्टिअरिंगवर आहे, त्याची रोजीच थांबते.

आपल्या देशातून नव्याने गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून गोल चौकात शिरताना आणि पायी रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडे पाहावे.

रमजानमध्ये मगरिबच्या आधीचा अर्धा-पाऊण तास धोक्याचा. पोट रिकामे असते, झोप अपुरी असते आणि प्रत्येकाला इफ्तारला घर गाठायचे असते. गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवली, तर ही घाई उरत नाही. सिग्नलवर स्वयंसेवक इफ्तारची पाकिटे वाटतात, तेही याचसाठी. अपघातात कुणाचा जीव गेला, तर दियतची रक्कम २ लाख दिरहम आहे; आणि गेलेला जीव तर कोणत्याही रकमेने परत येत नाही.

शेवटी एक गोष्ट इथल्या घरच्यांसाठी. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा तिथे सात वाजलेले असतात आणि आपला माणूस बहुधा रस्त्यावरच असतो. गाडी चालवताना फोन हातात घेतला, तर ८०० दिरहम दंड होतो. आईचा किंवा मुलांचा फोन वाजला की त्याला राहवत नाही. म्हणून तो घरी पोहोचल्यावर त्यानेच फोन करावा, असे ठरवून टाका. त्याच्या सब्राला आपल्या सब्राचीही साथ हवी.