सेंट्रल लॉक बिघडले तर मोटार बदलण्याआधी बिजागरीजवळची वायर पाहा

कापड विकणाऱ्या माणसाने गाडीच्या कुलुपांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या धंद्यात गाडी हीच अर्धी वखार असते. इचलकरंजीहून माल भरून मलकापूर, आंबा घाट करीत रत्नागिरीपर्यंतच्या दुकानदारांकडे फिरायचे, तेव्हा दार लागले की नाही हा नफ्या-तोट्याचाच प्रश्न होऊन बसतो. माझी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी २००४ सालची आहे. एका पावसाळ्यात बाजारपेठेत गाडी उभी केली, किल्ली फिरवली, ‘टक्’ असा आवाज आला आणि मी निश्चिंत मनाने चहाला गेलो. परत येऊन पाहतो तो मागचा दरवाजा उघडा आणि ड्रेस मटेरियलचे दोन गठ्ठे गायब! आवाज पुढच्या दारांचा होता. मागचे दार लागलेच नव्हते.

पुढे जे झाले ते अनेक व्यापारी बंधूंच्या बाबतीत होत असेल. मागच्या दाराची मोटार बदलली. आठ दिवस ठीक चालले, नंतर पुन्हा तेच. मग कंट्रोल युनिट बदलण्याचा सल्ला मिळाला. शेवटी एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने मागच्या दाराच्या बिजागरीजवळचे रबरी नळकांडे सरकवले आणि आतली एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली. त्यातली एक इलॅस्टिकसारखी ताणली गेली. वरचे प्लॅस्टिक शाबूत होते, आतले तांबे तुटलेले होते. मला ते तत्काळ उमगले. कापड ठेवून ठेवून कोठे विरते? घडीवर. वायरही जेथे रोज दुमडते तेथेच तुटते.

आता ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. जुन्या गाड्यांत ती फार अवघड नसते. प्रत्येक दारात १२ व्होल्टची एक लहान मोटार असते आणि ती सळईच्या साहाय्याने लॅच ओढते किंवा ढकलते. बाकीच्या दारांच्या मोटारींना दोनच वायरी असतात. एका दिशेने क्षणभर वीज दिली की दार लागते, उलट दिशेने दिली की उघडते. ड्रायव्हरच्या दारात मात्र बहुधा पाच वायरी सापडतात, कारण तेथे मोटारीबरोबर एक स्विचही असतो. किल्ली फिरली की तो स्विच कंट्रोल युनिटला खबर देतो आणि युनिट सर्व दारांना हुकूम सोडते. (काही जुन्या परदेशी गाड्यांत हेच काम हवेच्या दाबावर चालते. तेथे वायरीऐवजी फुटलेली नळी शोधावी लागते.)

एवढे ध्यानात आले की बिघाड स्वतःच आपला पत्ता सांगतो. सगळीच दारे मुकी झाली असतील तर फ्यूज, अर्थिंग किंवा युनिट तपासावे. एकच दार बंद असेल तर दोष त्याच दारात आहे. दारे लागतात आणि लगेच आपोआप उघडतात, ही तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी ड्रायव्हरच्या दारातला स्विच, त्याच्या वायरी किंवा जड झालेला लॅच यांवर संशय धरावा. लॅच पूर्ण सरकला नाही तर स्विच अर्धवट राहतो आणि युनिटला उलटी खबर जाते. बाहेरून बसवलेला जुना रिमोट-अलार्म असेल तर त्याचे टेपने गुंडाळलेले जोड आधी पाहावेत. माझ्या मते निम्मा घोळ त्या जोडांतच असतो.

वायर तपासताना एक चूक हमखास होते. मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणून वायर ठीक ठरवली आणि मोटार काढून फेकली! वायरीतला एकच तंतू उरला असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, पण मोटार फिरवण्याइतका करंट त्यातून जात नाही. म्हणून मोटारीच्या जागी इंडिकेटरचा बल्ब जोडावा. एकाने लॉक दाबत राहावे, दुसऱ्याने दार हळूहळू उघड-बंद करावे. बल्ब मंद झाला किंवा एखाद्या कोनात पेटलाच नाही तर वायर तेथेच तुटली आहे. बल्ब नीट पेटत असेल तरच मोटारीकडे वळावे. मोटारीला बॅटरीवरून थेट वीज द्यायची तर क्षणभरच द्यावी, धरून ठेवल्यास ती जळते. मोटार घरघरते पण सळई हलत नाही, तर आतले प्लॅस्टिकचे दाते झिजले असे समजावे.

तुटलेल्या ठिकाणीच पिळा देऊन टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. सोल्डर केलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेलाच वायर पुन्हा तुटते. खराब तुकडा दोन्ही बाजूंनी लांबवर कापावा, बारीक तारांची लवचीक केबल घालावी आणि जोड दुमडणाऱ्या भागाच्या बाहेर, एक दाराच्या आत आणि एक बॉडीच्या आत, घ्यावेत. सगळे जोड एकाच जागी न घेता मागे-पुढे ठेवले तर नळकांड्यात गाठ होत नाही. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नये. कापडाने भरलेल्या गाडीत वायर तापली तर काय होईल हे मी सांगायला नको.

फोर-व्हील गाडीचे एक खास दुखणे आहे. पुष्कळशा गाड्यांत स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते. खड्ड्यांच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे ते वजन हादरत राहिले की बिजागरी झिजते, दार किंचित खाली उतरते आणि लॅच खुंटीवर नीट बसत नाही. मग नवी मोटार तरी काय करणार! दार उघडे धरून मोटारीची सळई सोडावी आणि लॅच बोटाने फिरवून पाहावा. उघड्या दारात तो सहज फिरतो पण बंद दारात अडकतो, तर बिजागरी आणि खुंटी जुळवून घ्यावी. लॅच मुळातच जड असेल तर साफ करून पांढरे ग्रीस लावावे. इंजिन ऑइलवर धूळ बसून त्याची लेप होते. पॅड लावताना आतला प्लॅस्टिकचा कागद पूर्ववत चिकटवावा आणि दाराच्या तळाची भोके मोकळी करावीत, नाही तर कोकणातला पाऊस थेट मोटारीवर जातो.

गॅरेज चालवणाऱ्या बंधूंना एक विनंती. तपासणीची मजुरी वेगळी सांगा आणि ती निःसंकोच घ्या. आम्ही व्यापारी सामानाचे पैसे देतो, पण दोन तास दोष शोधण्याचे द्यायला कुरकुर करतो. म्हणूनच मोटारी बदलल्या जातात. माझ्या गाडीच्या त्या वायरीला सामान नगण्य लागले, उस्तादांचा अर्धा दिवस मात्र गेला.

आणि ज्यांना रिमोटची सवय झाली आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी किल्लीने दार उघडावे. बॅटरी उतरली की किल्लीचाच आधार असतो आणि न वापरलेले कुलूप नेमके त्याच दिवशी अडते. मी आता गाडी लावली की मागचे दार हाताने ओढून पाहतो, मगच चहाला जातो.