सात फुटांवरची गाठ

खामगावच्या माणसाला कापसाची गाठ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. जलंबहून इथवर 1870 मध्ये रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. जिनिंगमध्ये सरकी निघाली की रुई प्रेसमध्ये जाते, दाबून पट्ट्या आवळल्या की 170 किलोची गाठ तयार. हात लावून पाहा, कापूस मऊ असतो हे विसरायला होते. अशा गाठींचे ट्रक बघतच मी वाढलो. म्हणूनच औरंगाबादला विमान कापसाच्या ट्रकला धडकले हे शाळेत असताना वाचले, तेव्हापासून ती बातमी डोक्यातून गेली नाही. विमान आणि ट्रक यांची गाठ पडतेच कशी?

घटना अनेकांना आठवत असेल. 26 एप्रिल 1993, दुपारी एकचा सुमार. दिल्ली-जयपूर-उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी 491 हे बोइंग 737 औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघाले. आत 118 जण होते. त्यातले 55 गेले, 63 वाचले. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला विमानतळ नाही. घाटावरच्या लोकांना विमान म्हणजे औरंगाबादचेच, त्यामुळे ती बातमी आम्हाला परगावची वाटली नाही.

विमान जमीन सोडते झाले ते जवळजवळ धावपट्टीच्या टोकाशी. टोकापलीकडे बीड रस्ता, आणि त्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललेला, दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक. विमानाचे डावे मुख्य चाक, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि थ्रस्ट रिव्हर्सर ट्रकच्या डाव्या बाजूवर आदळले. उंची रस्त्यापासून सुमारे 7 फूट. म्हणजे उंच माणसाने हात वर केला तर पोहोचेल एवढी! तरीही विमान लगेच पडले नाही. पुढे धावपट्टीच्या ईशान्येला सुमारे 3 किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागले आणि मग कोसळले.

इंजिन इतके खाली का, हे समजून घ्यायला 737 च्या आराखड्यापर्यंत मागे जावे लागते. त्या काळी लहान जेट विमानांची इंजिने शेपटीशी लावण्याची पद्धत होती. बोइंगच्या जो सटर यांनी ती पंखांखाली, पंखांना अगदी बिलगून बसवली. विमान बुटके झाले. छोट्या विमानतळांवर उंच शिड्या नसल्या तरी चालेल, सामान हातांनी चढवता येईल, इंजिनाची देखभाल जमिनीवर उभे राहून करता येईल, असे त्याचे फायदे. आराखड्यात दोष होता असे मी म्हणणार नाही. चिकलठाण्यासारख्या गावांसाठीच तर हे विमान होते. पण त्या गावांच्या धावपट्टीच्या टोकाला वाहता रस्ता असेल, हे आराखडा करणाऱ्याने कुठे गृहीत धरायचे?

चौकशीचा निष्कर्ष दोन कलमांचा आहे, आणि माझे सगळे मन त्याच्या दुसऱ्या कलमात अडकले आहे. पहिले कलम वैमानिकांचे: विमानाचे नाक उचलायला उशीर झाला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे कलम असे, की उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. लोकांच्या लक्षात पहिले राहिले. मला दुसरे जास्त गंभीर वाटते. वैमानिकाची चूक काही सेकंदांत घडते. रस्ता मात्र रोज तिथेच होता आणि विमानाची वेळ वेळापत्रकात छापलेली होती. रेल्वेच्या फाटकावर गेटमन उभा करणे आपल्याला दीडशे वर्षांपासून जमते. इथेही एवढेच करायचे होते.

जबाबदारी घेणे म्हणजे काय, हेही त्याच वर्षी दिसले होते. 9 जानेवारीला, वैमानिकांच्या संपामुळे उझबेकिस्तानकडून भाड्याने घेतलेले टीयू-154 दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटून जळाले. सगळे प्रवासी वाचले, तरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी राजीनामा दिला. त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी कायमचा आदर आहे. पुढे त्यांचा शेवटही विमान अपघातातच झाला: 30 सप्टेंबर 2001 रोजी ते कानपूरच्या सभेला जात असताना मैनपुरीजवळ त्यांचे छोटे बीचक्राफ्ट किंग एअर सी-90 कोसळले आणि विमानातले आठही जण गेले. पुढाऱ्यांची आणि उद्योगपतींची ये-जा अशाच छोट्या विमानांवर चालते, आणि ती उतरतात छोट्या धावपट्ट्यांवर.

त्या धावपट्ट्या आता आपल्याला हव्या आहेत. अकोल्याच्या शिवणी धावपट्टीची लांबी वाढवा, ही मागणी वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती रास्त आहे. पण निवेदन घेऊन जाणाऱ्यांना माझी विनंती आहे: धावपट्टी किती मीटरची होणार हे विचाराल, तेव्हा तिच्या टोकापलीकडे कोणता रस्ता जातो आणि उड्डाणाच्या वेळी तो कोण अडवणार, हेही लेखी मागून घ्या.